ट्यूबलाइटच्या पट्टीत एलईडी नळी बसवणे

ट्यूबलाइटची जुनी पट्टी कायम ठेवून तिच्यात एलईडी नळी चालवण्याचे काम. ठाण्यातील वागळे इस्टेट व नवी मुंबईतील टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातले कारखाने, तसेच सिडकोच्या जुन्या इमारतींचे जिने येथे त्याला वाव आहे. चार फुटी ३६ वॉटची नळी तांब्याच्या चोकसह साधारणपणे ४५ ते ५० वॉट घेते. एलईडीला १८ ते २० वॉट पुरतात. केंद्र सरकारच्या २०१५ साली सुरू झालेल्या उजाला या एलईडी दिव्यांच्या योजनेत पुढे २० वॉटच्या नळ्याही आल्या.

जुन्या नळीतील प्रवाह आवरायला चोक लागतो. एलईडी नळीत त्यासाठी स्वतःचा ड्रायव्हर असतो. म्हणून चोक ठेवावा की काढावा, याबद्दल दोन मते आहेत. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) ६२७७६ (२०१४) हे मानक पट्टीची अंतर्गत जोडणी न बदलता बसणाऱ्या नळ्यांपुरते आहे. अशा नळीसोबत मिळणारा एलईडी स्टार्टर जुन्याच्या जागी लावावा लागतो. जुना राहिला तर नळी लुकलुकते किंवा पेटत नाही. मात्र ही सोय तांब्याच्या चोकपुरती आहे. इलेक्ट्रॉनिक चोक असल्यास तो काढून थेट २३० व्होल्टची जोडणी करणे अधिक निर्धोक ठरते.

थेट जोडणीत नळीचा प्रकार निर्णायक असतो. एकटोकी नळीत फेज व न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांवर येतात. काही नळ्यांच्या दुसऱ्या टोकाच्या दोन पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात; तेच टोक पुरवठ्याच्या होल्डरात गेले, तर शॉर्टसर्किट होते. दुटोकी नळीत एका टोकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल असतो. एक टोक होल्डरात व दुसरे हातात असताना मोकळ्या पिनांवर विद्युतदाब येऊ शकतो. त्यामुळे नळीवरील आकृती पाहिल्याशिवाय वायर कापू नये.

जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर असते. बटण बंद असूनही फेज पट्टीपर्यंत पोहोचलेला असतो. एमसीबी पाडून दोन्ही वायरींवर टेस्टर लावावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. खाडीलगतच्या दमट हवेत गंजलेले होल्डर बदलणे, पत्र्याच्या पट्टीला अर्थिंग देणे आणि ‘थेट २३० व्होल्ट, फक्त एलईडी’ अशी चिठ्ठी चिकटवणे आवश्यक आहे. अशा पट्टीत पुढे कुणी जुनी नळी बसवली, तर तिच्या प्रवाहाला चोकचा अटकाव उरत नाही.

काढलेल्या नळ्यांत पारा असतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ त्यांना लागू आहेत. त्या न फोडता अधिकृत संकलकाकडे द्याव्यात.