सोडतीत परत त्याचंच नाव? कर्मचाऱ्यांच्या अचानक नशाचाचणीबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

आम्हाला सर्वांत जास्त फोन येतात ते निकालावरून नव्हे, तर चाचणीसाठी सोडतीत निघालेल्या नावांच्या यादीवरून. ‘गेल्या महिन्यात ज्याची चाचणी झाली, त्याचंच नाव परत कसं निघालं?’ आणि कधीकधी जरा हळू आवाजात, ‘अमक्याचं नाव या वेळी घालता येईल का?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही येणार.

सोडत संगणक काढतो आणि दर वेळी सगळी नावं पुन्हा आत जातात. समजा, तुमच्याकडे ६० माणसं आहेत आणि दरमहा ५ जणांची चाचणी होते. मग गेल्या महिन्यातल्या पाचांपैकी निदान एकाचं नाव या महिन्यातही निघण्याची शक्यता ३६ टक्के आहे. म्हणजे साधारण दर तीन सोडतींत एकदा हे होणारच. उलट, वर्षभर एकदाही नाव न निघालेले सरासरी २१ जण असतील. हे पाहून ‘यात काहीतरी गोलमाल आहे’ असं वाटणं साहजिक आहे, पण गोलमाल केला तरच सगळ्यांची पाळी नीट क्रमाने येईल. चाचणी झालेल्यांना वगळत गेलो, तर जानेवारीत चाचणी होऊन गेलेला माणूस डिसेंबरपर्यंत निर्धास्त. मग वचक कसला राहणार?

एखाद्याबद्दल खरोखरच शंका असेल, तर त्याचा मार्ग वेगळा आहे. बोलताना जीभ अडखळते, तोल जातो, डोळे तारवटलेले दिसतात, असं जे डोळ्यांनी पाहिलं ते सुपरवायझरने तिथल्या तिथे तारीख-वेळेसह लिहून काढावं. दोघांनी पाहिलेलं असेल तर उत्तम. मग ती संशयावरून केलेली चाचणी होते. तिची तरतूद तुमच्या लेखी धोरणात आधीपासून हवी. ती सोडतीच्या नावाखाली उरकली, की माणूसही दुखावतो आणि सोडतीवरचा सगळ्यांचा विश्वासही जातो.

यादीत मॅनेजर आणि मालकही असू द्या. आमचा अनुभव असा, की एकदा साहेबांचं नाव निघालं की खालची कुरकुर निम्मी होते. आणि नाव निघाल्याचं त्या माणसाला कळलं, की त्याने थेट नमुना द्यायला यावं. ‘दुपारच्या सुट्टीनंतर जा’ म्हटलं, की अचानकपणा कागदावरच उरतो.

<b>नमुना घेताना</b>

खिसे रिकामे करायला सांगतो, जाकीट बाहेर ठेवायला लावतो. संडासाच्या टाकीतल्या पाण्यात निळा रंग घातलेला असतो आणि नळ बंद असतो, म्हणजे लघवीत पाणी मिसळायची सोय राहत नाही. आत माणूस एकटाच असतो. बाटली हातात आली की चार मिनिटांच्या आत तिच्यावरची तापमानपट्टी पाहतो. ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असेल तर ठीक. बाहेरून लपवून आणलेला नमुना बहुधा इथेच पकडला जातो. मग त्याच्या डोळ्यांदेखत नमुना दोन बाटल्यांत ओततो, सील लावतो आणि सीलवर त्याची सही घेतो. लॅबकडे नाव जात नाही, क्रमांक जातो. कुणाला घाबरून लघवी होतच नाही. त्याला तीन तासांपर्यंत वेळ आणि थोडं थोडं पाणी देतो. कृपया बाहेरून दार वाजवू नका.

<b>स्ट्रिपवरची रेघ</b>

नमुन्याची पहिली तपासणी स्ट्रिपवर, म्हणजे कागदी चाचणीपट्टीवर होते, आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो. गरोदरपणाच्या चाचणीत रेघ उमटली म्हणजे ‘आहे’. इथे नेमकं उलटं. त्या पदार्थासमोर रेघ उमटली म्हणजे निगेटिव्ह. रेघ फिकी असली, डोळे बारीक करून पाहावी लागली, तरी निगेटिव्हच. ‘फिकी आहे, म्हणजे थोडी घेतली असेल’ हा तर्क करू नका. मात्र वरची नियंत्रण-रेघच (स्ट्रिप नीट चालली हे दाखवणारी) आली नाही, तर ती स्ट्रिप बाद.

आणि त्या पदार्थाची रेघ आलीच नाही, तर? तरी अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. स्ट्रिप पदार्थाला ढोबळपणे ओळखते. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन तिला ॲम्फेटामाइनसारखं दिसू शकतं. म्हणून असा प्रत्येक नमुना लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटरवर जातो आणि तिथे नेमका रेणू ओळखला जातो. पण तेवढ्यानेही भागत नाही. खसखशीतून खरंखुरं मॉर्फिन लघवीत येतं आणि खोकल्याच्या औषधातल्या कोडीनचंही शरीरात मॉर्फिन होतं. खसखशीमुळेच अमेरिकेच्या सरकारी चाचण्यांत अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा (जिच्या खाली निकाल निगेटिव्ह धरतात) १९९८ मध्ये मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. त्यामुळे निकाल तुमच्याकडे येण्याआधी आमचे डॉक्टर त्या माणसाशी बोलतात आणि औषधाची चिठ्ठी तपासतात. ती चिठ्ठी तुमच्या ऑफिसात मागू नका. कोण कशावर उपचार घेतंय, हे तुम्हाला कळायचं कारण नाही. निकाल मान्य नसेल, तर सीलबंद दुसरी बाटली दुसऱ्या लॅबकडे पाठवता येते.

हे सगळं होईपर्यंत काही दिवस जातात. तेवढ्या काळात क्रेन किंवा गाडी चालवणाऱ्याला दुसरं काम देणं समजू शकतो. काढून टाकणं नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो, विक्रीला अडचणीची असली तरी. लघवीच्या चाचणीवरून माणूस कामावर असताना नशेत होता की नाही, हे कळत नाही. कोकेनचा अंश दोन ते चार दिवस सापडतो. गांजा एखाद्या वेळी ओढला तर सुमारे तीन दिवस आणि रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे. शनिवारी रात्री केलेलं बुधवारी दिसू शकतं. दारूसाठी श्वासाची चाचणी वेगळी सांगावी लागते, ती या पॅकेजात धरू नका.

पुढच्या सोडतीआधी आम्हाला ताजी यादी पाठवा. सोडून गेलेल्यांची नावं काढा आणि नव्यांची घाला, कंत्राटी असले तरी. मागच्या वेळी एका ग्राहकाच्या पाच नावांपैकी दोघं केव्हाच नोकरी सोडून गेलेले निघाले आणि आमचा माणूस तीनच बाटल्या घेऊन परतला.