उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवायची का?

"उन्हाळ्यात बाईकच्या टायरमध्ये हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो" हा फॉरवर्ड दरवर्षी फिरतो, आणि गरम हवा फुगते हे खरंच असल्याने तो पटतोही. पण कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, तापल्यावर वाढणारं प्रेशर त्यात आधीच धरलेलं असतं. उलट हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात, दबून दबून रबर आतून तापतं आणि फुटण्याचा धोका तिथेच वाढतो, त्यात मागे कोणी बसलेलं आणि सामान असेल तर अजूनच.

स्वतः बघा ना. सकाळी गाडी काढायच्या आधी हवा मोजायच्या गेजने मोजा, कंपनीचा आकडा बहुतेक गाड्यांवर चेनगार्ड किंवा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर असतो. अर्धा तास चालवून परत मोजा, प्रेशर तीन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढलेलं दिसेल, ते नॉर्मल आहे, तेव्हा प्लीज हवा सोडू नका.