भाच्याचं स्टॅटिस्टिक्स आणि पैसे वसूल करायची खोड

परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता भाचा म्हणाला, मामा, स्टॅटिस्टिक्स सोडावं म्हणतोय. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इलेक्टिव्ह म्हणून घेतलेला, बदलायची मुदत बुधवारपर्यंत. म्हटलं मग सोड की, अडलंय कुठं? तर म्हणे पुस्तकं घेतलीत, क्लासची फी भरलीय, दीड महिना घातलाय, सगळं वाया जाणार. बरं मग राहा. तर म्हणे राहून काय करू, काय बी कळत नाही, लेक्चरला बसलं की डोकं भणभणतं.

म्हणजे बघा, राहायचं कारण काय तर गेलेले पैसे, आणि सोडायचं कारण काय तर भणभणणारं डोकं, आणि माझं म्हणणं असं की ही दोन्ही मीटरं गंडलेली आहेत.

पहिलं मीटर आपल्या सगळ्यांच्या घरात असतं, पैसे वसूल करायचं. मिसळीनं पोट तट्ट भरलेलं असतं, तरी एक्स्ट्रा पाव घेतलाय म्हणून आपण कट पुसून खातोच. यावर १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोघा संशोधकांनी छापलेला एक झकास प्रयोग आहे. अमेरिकेतल्या ओहायो युनिव्हर्सिटीच्या थिएटरला सीझन तिकीट घ्यायला खिडकीवर आलेल्या पहिल्या ६० लोकांपैकी काहींना पूर्ण १५ डॉलरला तिकीट दिलं, काहींना २ डॉलर सूट, काहींना ७ डॉलर, कुणाला काय मिळणार ते नशिबावर. आता नाटकं तीच, खुर्च्या त्याच, तरी सीझनच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना आले! दुसऱ्या अर्ध्यात मात्र हा फरक जवळपास विरून गेला. आर्क्स-ब्लूमर यांचं म्हणणं असं की आपण उधळे दिसू नये म्हणून माणूस गेलेल्या पैशामागं अजून वेळ घालतो. इंग्रजीत याला संक कॉस्ट म्हणतात, बुडीत खर्च. भाच्याची फी बुडीतच आहे, तो राहिला तरी आणि सोडलं तरी, ती परत येत नाही, त्यामुळं हिशोबात धरायचीच नाही. पुढचे तीन महिने कशात घालायचे एवढाच प्रश्न उरतो.

दुसरं मीटर जास्त फसवं आहे, आणि खरं तर मला इथंच थांबून बोलायचंय. अवघड वाटतंय म्हणजे आपल्याला येत नाही, असं आपण धरून चालतो. २०१९ साली हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या वर्गाचे दोन भाग केले, एकाला सुंदर लेक्चर, दुसऱ्याला स्वतः गटात बसून गणितं सोडवायला लावली, मग पुढच्या धड्याला अदलाबदल. टेस्टमध्ये गणितं झगडून सोडवणारे पुढं निघाले, पण विचारल्यावर त्यांनाच वाटत होतं की आपण कमी शिकलो. भणभण हा शिकण्याचा आवाज असू शकतो तो असा.

अगदी असंच वाचण्याचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा परत परत वाचणारी पोरं पाच मिनिटांनी पुढं असतात, पण आठवड्यानं बघितलं तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारी पोरं जिंकतात. वाचताना गुळगुळीत वाटतं ना, तीच फसगत.

पण म्हणून प्रत्येक भणभण चांगली असं नाही हां. तालमीत वस्ताद पहिल्याच आठवड्यात ओळखतो, पोराचं अंग दुखतंय की सांधा दुखावलाय. डोक्याचा सांधा म्हणजे वर्किंग मेमरी, विचार करताना हाताशी धरायची तात्पुरती जागा, ती एका वेळी साधारण चारच गोष्टी धरून ठेवते असं संशोधक नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. आता सिग्माचं, म्हणजे बेरजेचं, चिन्ह वाचायलाच दोन जागा गेल्या तर व्हेरियन्सची, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत याची, कल्पना ठेवायची कुठं? असल्या ठिकाणी नुसता जोर मारून उपयोग नाही, मागं जाऊन पाया भरायला लागतो, आणि त्याला वेळ आहे का हे बघून मग ठरवायचं.

म्हणून भाच्याला सांगितलं, आठवड्यापूर्वी झालेल्या धड्याची दहा गणितं पुस्तक मिटून सोडव, आणि चुकलं तिथं लिही नेमकं कुठं अडलं. तो म्हणाला, मामा त्यापेक्षा छापा-काटा करू की. हसलो, पण अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी खरंच लोकांना मोठ्या निर्णयांसाठी नाणं उडवायला लावलं होतं, २० हजारांवर वेळा, आणि सहा महिन्यांनी ज्यांनी बदल केला ते जास्त खुश निघाले. म्हणजे आपण उगाच चिकटून बसतो, असाही कल निघतो. अर्थात ते नोकऱ्या, ब्रेकअप असले प्रश्न, एका इलेक्टिव्हला किती लावायचं ते तुम्हीच बघा.

रविवारी फोन आला. दहापैकी चार बरोबर, आणि सहापैकी पाच चुका त्या सिग्मापाशीच. अकरावीचं पुस्तक माळ्यावर हुडकतोय म्हणाला, बुधवारचं अजून ठरलं नाही.