पार्श्वभूमी : ‘हौशी’ फुटबॉलपटू आणि पहिलं महायुद्ध

जोसेफ डाइन्स २७ सप्टेंबर १९१८ रोजी उत्तर फ्रान्समध्ये लढताना मारले गेले. युद्धविराम ४५ दिवसांवर आला होता. हुद्दा सेकंड लेफ्टनंट, मूळ पेशा शाळामास्तरचा. सहाच वर्षांपूर्वी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कला ४-२ हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या ब्रिटिश संघात ते हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू, होते. ‘हौशी फुटबॉलपटू’ अशीच त्यांची ओळख करून दिली जाते, आणि खरा घोळ या शब्दात आहे.

हौशी म्हटलं की आपल्याला नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला जाणारा नट आठवतो. ‘जरा कच्चा’ असाही अर्थ त्याला चिकटलेला. इंग्लंडमध्ये १८८५ साली पैसे घेऊन खेळायला अधिकृत मान्यता मिळाली. त्यानंतर ‘हौशी’ हा नोंदणीतला दर्जा झाला. खर्च भरून मिळायचा, मोबदला नाही. खेळाच्या प्रतीशी त्याचा काही संबंध नव्हता. डाइन्स हौशी राहूनच लिव्हरपूलकडून पहिल्या श्रेणीत एक सामना खेळले. पण या दर्जाला वर्गाचा वासही होता. पगारी क्लबांना जिल्हा संघटनांत सामावून घ्यायच्या सक्तीवरून १९०७ मध्ये काही हौशी क्लब फुटून निघाले. ते भांडण १९१४ मध्ये मिटलं.

त्याच वर्षी युद्ध आलं. रग्बी, क्रिकेट थांबलं. पगारी फुटबॉलचा हंगाम मात्र एप्रिल १९१५ पर्यंत चालू ठेवला गेला, आणि वर्तमानपत्रांनी पगारी खेळाडूंना फैलावर घेतलं. हौशी तो देशभक्त, पगारी तो पळपुटा, अशी सरळ वाटणी झाली. हा अन्याय होता. हौशी खेळाडू मनात येईल तेव्हा मैदान सोडू शकत होता, पगारी खेळाडू क्लबच्या कराराने बांधलेला होता, आणि त्या पगारावर त्याचं घर चालत होतं. डिसेंबर १९१४ मध्ये फुटबॉलपटूंची म्हणून खास बटालियन उभी राहिली. तिच्यात पगारी खेळाडूही भरती झाले. १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत डेलव्हिल वूड या जंगलात ही बटालियन लढली, तिथे तिची मोठी हानी झाली.

युद्धानंतरही हा दर्जा टिकला, पण आतून पोकळ होत गेला. हौशी म्हणवणाऱ्या खेळाडूंच्या बुटांत गुपचूप पैसे ठेवले जाऊ लागले. अखेर १९७४ मध्ये इंग्लंडने हा भेदच रद्द केला. ब्रिटनचा पुरुष संघ १९६० नंतर ऑलिंपिकच्या मैदानात उतरला तो थेट २०१२ मध्ये, लंडनला. त्यातले सगळे खेळाडू पगारी होते.