स्वतःचा कणा, उसना आधार : बागेतील सूचिपर्णी वृक्ष आणि फुलवेल

बागेच्या एखाद्या कोपऱ्यात कायमची हिरवाई हवी असे वाटू लागले की दोन पर्याय हमखास समोर येतात : शंकूच्या आकाराचा एखादा सूचिपर्णी वृक्ष, किंवा भिंतीवर, कमानीवर चढणारी फुलवेल. निवड बहुधा रूपावरून होते. मात्र या दोन वनस्पतींमधला महत्त्वाचा फरक खोडाच्या आत दडलेला असतो आणि पुढील वीस वर्षांत त्या कोपऱ्याचे काय होणार, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

सूचिपर्णी वनस्पतींचा वंश तीस कोटी वर्षांहून जुना आहे. पाइन, देवदार, स्प्रूस, सायप्रस, मोरपंखी या साऱ्या अनावृतबीजी वनस्पती असून त्यांचे बी फळाच्या आत तयार न होता शंकूच्या खवल्यांवर उघडे वाढते. फुले येणाऱ्या वनस्पती त्या मानाने बऱ्याच अलीकडच्या. त्यांचे निःसंदिग्ध जीवाश्म साधारण तेरा कोटी वर्षांपूर्वीपासूनचे मिळतात. (मराठीत ज्याला आपण सुरू म्हणतो, ते बारीक सुयांसारख्या डहाळ्यांचे झाड पाहून अनेकांना ते सूचिपर्णी वाटते, प्रत्यक्षात ते फुले येणाऱ्या वर्गातलेच आहे आणि त्याचे ‘शंकू’ म्हणजे लहान फळांचे गुच्छ असतात.)

सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकाच प्रकारच्या पेशींचा बनलेला असतो. या पेशी काही मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतक्याच रुंद असतात. पाणी वर नेणे आणि झाडाचा भार पेलणे ही दोन्ही कामे त्यांनाच करावी लागतात, त्यामुळे त्यांच्या भिंती जाड आणि पोकळी अरुंद राहते. खोड कलले तर कललेल्या बाजूच्या खालच्या अंगाला विशेष दाट लाकूड तयार होते आणि ते खोडाला हळूहळू वर रेटते. थोडक्यात, पानांनी बनवलेल्या साखरेचा मोठा वाटा हा वृक्ष स्वतःच्या कण्यावर खर्च करतो.

वेलीने हा खर्चच टाळला आहे. भार दुसऱ्यावर टाकायचा असल्याने तिचे खोड बारीक आणि लवचिक असले तरी भागते, आणि वाचलेली सामग्री लांबी व पाने वाढवण्याकडे जाते. आता इतक्या बारीक खोडातून एवढ्या पानांना पाणी पुरवायचे कसे? वेलींच्या लाकडात त्यासाठी रुंद वाहिन्या असतात. काहींची रुंदी ०.३ मिलिमीटरच्याही पुढे जाते. नळीतून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढत असल्याने, इतर गोष्टी समान असताना दहापट रुंद नळीतून दहा हजारपट पाणी जाऊ शकते. वेल एका हंगामात छपरापर्यंत पोहोचते त्यामागचे एक मोठे कारण हे गणित आहे.

या रुंदीची किंमत थंडीत मोजावी लागते. खोडातले पाणी गोठताना त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. अरुंद पेशीत हे बुडबुडे इतके लहान असतात की बर्फ वितळल्यावर ते पुन्हा विरघळून जातात, साधारण ०.०४ मिलिमीटरपेक्षा रुंद वाहिनीत मात्र ते टिकतात, फुगतात आणि पाण्याची अखंड धार तोडतात. त्यामुळे बर्फाळ प्रदेशांत सूचिपर्णी अरण्ये दूरवर पसरलेली दिसतात, तर जाड खोडाच्या वेलींची खरी मुबलकता उष्ण प्रदेशांतल्या जंगलांत आढळते. द्राक्षवेलीने यावर तोड काढली आहे : वसंताच्या सुरुवातीला तिची मुळे दाब निर्माण करून वाहिन्या पुन्हा पाण्याने भरतात. त्या दिवसांत छाटलेल्या फांदीतून पाणी ठिबकते ते यामुळेच.

वेल आधार कसा शोधते, हा या विषयातला मला सर्वांत मोहक वाटणारा भाग. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली चढणाऱ्या वनस्पतींवर प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. वेलीचा शेंडा हवेत वर्तुळे काढत आधाराचा अदमास घेतो हे त्यांनी तासन्‌तास निरीक्षण करून नोंदवले. उष्ण हवामानात हॉपच्या वेलीला एक फेरी पुरी करायला दिवसा सरासरी २ तास ८ मिनिटे लागत होती. कृष्णकमळासारख्या वेलींना तणावे, म्हणजे आधार पकडणारे धाग्यांसारखे बारीक अवयव, असतात. तणाव्याचे टोक आधाराला घट्ट धरते आणि मग उरलेला भाग स्प्रिंगसारखा वळतो, पण दोन्ही टोके अडकलेली असल्यामुळे तो अर्धा एका दिशेने आणि अर्धा उलट दिशेने वळतो. अशी स्प्रिंग वाऱ्याचा झटका सोसते, सहसा तुटत नाही.

बाग करणाऱ्याने वेलीची ही चढण्याची रीत आधी जाणून घ्यावी, आधार नंतर उभारावा. वेढे घेणारी वेल तारेवर किंवा बारीक काठीवर सहज चढते, जाड गुळगुळीत खांबावर मात्र ती घसरते. बोगनवेलीच्या नावात वेल असली तरी ती वेढे घेत नाही. काट्यांच्या आधाराने ती इतर झुडपांवर रेलते, म्हणून तिला बांधावे लागते. आयव्ही मुळांनी थेट भिंतीलाच चिकटते. विस्टेरियाची ताकद तर लोक फार कमी लेखतात. कॅलिफोर्नियातील सिएरा माद्रे येथे १८९४ मध्ये लावलेली विस्टेरियाची एकच वेल आज सुमारे एक एकरावर पसरली आहे, आणि जिच्या आधाराने ती वाढू लागली ती मूळ वास्तू तिच्या भारामुळे अखेर पाडावी लागली.

फुलांच्या बाबतीत तुलना करण्याजोगे फारसे काही नाही. सूचिपर्णी वृक्षांचे परागण वाऱ्यावर होते, त्यामुळे त्यांना रंग, गंध वा मध यांची गरज पडत नाही. मधुमालतीचे फूल मात्र संध्याकाळी पांढरे उमलते, पुढे गुलाबी आणि मग लाल होते. रात्री पतंग आणि दिवसा मधमाश्या, फुलपाखरे त्याला भेट देतात. फुलपाखरांसाठी बाग करायची असेल तर निर्णय येथेच होतो.

छाटणीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. बहुतेक सूचिपर्णींच्या जुन्या, पाने गळलेल्या फांद्यांवर सुप्त कळ्या जवळजवळ नसतात. हिरवा थर ओलांडून आतल्या तपकिरी भागापर्यंत कात्री गेली, तर ती जागा कायमची उघडी पडते. यू हा त्यातला सन्माननीय अपवाद. बहुतेक फुलवेली मात्र कठोर छाटणीनंतरही जोमाने फुटतात. म्हणून सूचिपर्णी वृक्षाची अंतिम उंची लावण्यापूर्वीच ठाऊक असली पाहिजे. लेलँड सायप्रस हे याचे ठळक उदाहरण. १८८८ मध्ये वेल्समधील लेटन हॉल येथे उत्तर अमेरिकेतील दोन जातींचा अनपेक्षित संकर होऊन तो जन्मला. वर्षाला मीटरभर वाढणाऱ्या या झाडाची कुंपणे शेजाऱ्यांच्या खिडक्या अंधारात लोटू लागली, आणि दोन मीटरहून उंच सदाहरित कुंपणांविरुद्ध तक्रार करण्याची तरतूद २००३ च्या एका ब्रिटिश कायद्यात करावी लागली.

‘बुटका’ असे लेबल लावलेल्या रोपांवरही मी पूर्ण विश्वास ठेवणार नाही. सुबक शंकूसारखा दिसणारा प्रसिद्ध बुटका व्हाइट स्प्रूस १९०४ साली कॅनडातील अल्बर्टा प्रांतात सापडलेल्या रोपांपासून आला. तो सावकाश वाढतो इतकेच; काही दशकांत तोही माणसापेक्षा उंच होतो. शिवाय मधूनच एखादी फांदी मूळ जातीच्या वेगाने वाढू लागते आणि ती वेळीच काढली नाही तर साऱ्या झाडाचा आकार बिघडवते.

जागा लहान आणि छाटणीला वेळ असेल तर मी वेल निवडेन. जागा मोठी आणि दरवर्षी शिडीवर चढण्याची तयारी नसेल तर सूचिपर्णी वृक्ष. दोन्हींचा मोह असलेले लोक कधी कधी वेलीला सूचिपर्णीवरच चढवतात. वेलीची रुंद पाने सुयांवर सावली धरतात, सावलीतल्या फांद्या आतून वाळत जातात, आणि पुढे वेल काढून टाकली तरी त्या तपकिरी लाकडावर नवी पालवी येत नाही. तिथेच बुंध्याशी राहिलेल्या वेलीच्या तुकड्याला मात्र पुढच्या हंगामात अनेकदा पुन्हा कोंब फुटलेले दिसतात.