पर्जन्य तीव्रता व पुनरावृत्तिकाल

ठरावीक अवधीत पडलेल्या पावसाची उंची भागिले तो अवधी म्हणजे पर्जन्य तीव्रता. ती सहसा मिलिमीटर प्रति तास या एककात सांगतात. तेवढा किंवा त्याहून जास्त पाऊस सरासरीने जितक्या वर्षांतून एकदा पडतो, त्या काळाला पुनरावृत्तिकाल म्हणतात. गटारे, मोऱ्या, पूल आणि धरणांचे सांडवे यांचे आकारमान ठरवताना जलशास्त्रात या दोन्ही राशींचा अंदाज घ्यावा लागतो.

अवधी सांगितल्याशिवाय तीव्रतेला अर्थ नसतो. दहा मिनिटांत 20 मिमी पाऊस पडून थांबला, तर त्या दहा मिनिटांची तीव्रता ताशी 120 मिमी भरते, पण त्याच पावसाची तासाभराची तीव्रता केवळ 20 मिमी येते. त्यामुळे दिवसातून एकदा वाचल्या जाणाऱ्या साध्या पर्जन्यमापकाची नोंद शहरी गटारांच्या कामी फारशी उपयोगी पडत नाही. त्यासाठी स्वयंलेखी पर्जन्यमापकाची मिनिटामिनिटाची नोंद लागते.

अंदाजाची सुरुवात वार्षिक कमाल मालिकेपासून होते. प्रत्येक अवधीसाठी, म्हणजे 10 मिनिटे, 30 मिनिटे, 1 तास, 24 तास अशा क्रमाने, दर वर्षाचा सर्वांत मोठा पाऊस निवडून ही मूल्ये उतरत्या क्रमाने मांडतात. वर्षांची संख्या अधिक एक, भागिले त्या पावसाचा क्रमांक, या वायबुल सूत्रानुसार 30 वर्षांच्या नोंदीतील पहिल्या क्रमांकाच्या पावसाचा पुनरावृत्तिकाल 31 वर्षे येतो. मात्र 50 किंवा 100 वर्षांचा पाऊस हवा असेल, तर नोंदीच्या पलीकडे जावे लागते आणि तेथे संभाव्यता वितरणाचा, म्हणजे कोणते मूल्य कितपत संभवते हे सांगणाऱ्या गणिती सूत्राचा, आधार घेतात. संख्याशास्त्रज्ञ एमिल गुम्बेल यांनी 1941 मध्ये पुरांच्या पुनरावृत्तिकालासाठी मांडलेली चरममूल्यांची (टोकाच्या मूल्यांची) पद्धत पावसासाठीही रूढ झाली. तिच्यात सरासरीत प्रमाण विचलनाचा, म्हणजे मूल्ये सरासरीभोवती किती विखुरली आहेत याच्या मापाचा, ठरावीक पट मिळवतात. नोंद पुरेशी लांब धरल्यास हा पट 10 वर्षांसाठी 1.305 आणि 100 वर्षांसाठी 3.137 असतो. समजा, एका तासाच्या वार्षिक कमाल पावसाची सरासरी 40 मिमी आणि प्रमाण विचलन 12 मिमी आहे, तर 10 वर्षांचा पाऊस सुमारे 56 मिमी आणि 100 वर्षांचा सुमारे 78 मिमी येतो. पुनरावृत्तिकाल दहापट झाला, तरी पाऊस दीडपटही वाढत नाही.

सर्व अवधींसाठी हे गणित करून तीव्रता, अवधी व वारंवारता यांचे वक्र काढतात. अवधी वाढला की तीव्रता घटते, पुनरावृत्तिकाल वाढला की ती वाढते. लहान पाणलोटांचा कमाल प्रवाह काढण्यासाठी या वक्रांवरची तीव्रता रॅशनल सूत्रात घालतात; त्यात अपधाव गुणांक (पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा), तीव्रता आणि क्षेत्र यांचा गुणाकार करतात. पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकावरील पाणी निर्गमस्थानी पोहोचायला लागणारा वेळ हाच तेथे पावसाचा अवधी धरतात, कारण त्याहून लहान सरीत संपूर्ण क्षेत्राचे पाणी एकाच वेळी तेथे जमत नाही, आणि त्याहून लांब सरीची सरासरी तीव्रता कमी असते. 30 हेक्टर क्षेत्र, 0.6 अपधाव गुणांक आणि ताशी 60 मिमी तीव्रता असल्यास कमाल प्रवाह सेकंदाला 3 घनमीटर येतो.

पुनरावृत्तिकाल हा शब्दच गैरसमजाला जागा देतो. 100 वर्षांचा पाऊस यंदा पडला म्हणून पुढील 99 वर्षे निर्धास्त राहता येत नाही. दर वर्षी त्याची संभाव्यता 1 टक्काच असते आणि तो लागोपाठ दोन वर्षेही पडू शकतो. वर्षे परस्परांपासून स्वतंत्र धरल्यास, 30 वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के आणि 100 वर्षांत सुमारे 63 टक्के असते. म्हणूनच 'दर वर्षी 1 टक्का संभाव्यतेचा पाऊस' ही शब्दयोजना, जड वाटली तरी, अधिक प्रामाणिक आहे.

या आकड्यांना मर्यादाही आहेत. जेमतेम 25 वर्षांच्या नोंदीतून 100 वर्षांचा पाऊस काढला, तर एका अपवादात्मक वर्षाच्या समावेशाने उत्तर बरेच हलते. एका पर्जन्यमापकाची नोंद ही एका बिंदूची असते, म्हणून मोठ्या क्षेत्रासाठी ती क्षेत्रानुसार घटवावी लागते. शिवाय संपूर्ण गणित हवामानाचे सांख्यिकीय गुणधर्म स्थिर आहेत असे गृहीत धरते. हवा तापली की तिची बाष्पधारण क्षमता दर अंशाला सुमारे 7 टक्क्यांनी वाढत असल्याने हे गृहीतक आता डळमळीत झाले आहे, आणि जुने वक्र नव्या नोंदी घेऊन पुन्हा काढावे लागतात. जी धरणे फुटल्यास मोठी जीवितहानी होईल, त्यांच्या सांडव्यांसाठी अनेकदा पुनरावृत्तिकाल बाजूला ठेवून संभाव्य कमाल पर्जन्याचा, म्हणजे त्या ठिकाणी भौतिकदृष्ट्या शक्य असलेल्या सर्वाधिक पावसाचा, अंदाज वापरतात.