वीव्हर, रेमंड मेलबर्न

(१८८८–१९४८). अमेरिकन चरित्रकार आणि कोलंबिया विद्यापीठातील इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक. मोबी डिक या कादंबरीचा अमेरिकन लेखक हर्मन मेलव्हिल याचा पहिला चरित्रकार. जन्म बॉल्टिमोर येथे. काही काळ जपानमध्ये अध्यापन करून तो कोलंबियात आला व अखेरपर्यंत तेथेच राहिला.

मेलव्हिलच्या जन्मशताब्दीनिमित्त १९१९ मध्ये कार्ल व्हॅन डोरेनच्या सूचनेवरून त्याने द नेशन या साप्ताहिकात लेख लिहिला. पुढे मेलव्हिलची नात एलिनर मेटकाफ हिने घरची कागदपत्रे त्याच्या हवाली केली. ती पाव ठेवण्याच्या पत्र्याच्या डब्यात होती, असे सांगतात. त्यांतच बिली बड ही अप्रकाशित लघुकादंबरी होती. हा शोध बहुधा १९१९ चाच.

वीव्हरने १९२४ मध्ये तिची पहिली संहिता छापली, १९२८ मध्ये दुसरी. हस्तलिखित अपुरे, खाडाखोडीचे. त्यात मेलव्हिलची पत्नी एलिझाबेथ हिचेही अक्षर मिसळलेले. बॅरन फ्रीमनची प्रत (१९४८) बऱ्याच अंशी वीव्हरच्याच वाचनावर उभी होती. हॅरिसन हेफर्ड आणि मर्टन सील्ट्स यांनी १९६२ मध्ये पानोपानी अक्षर, शाई व कागद तपासून दाखवले, की वीव्हरने ‘प्रस्तावना’ म्हणून छापलेला मजकूर मेलव्हिलने स्वतःच बाजूला काढला होता. कथेतील जहाजाचे ‘इंडॉमिटेबल’ हे नाव बदलून मेलव्हिलने अखेरीस ‘बेलिपोटंट’ करायला घेतले होते. हेफर्ड व सील्ट्स यांची संहिता आज अधिक ग्राह्य मानावी लागते. तथापि बेंजामिन ब्रिटनच्या याच कथेवरील संगीतिकेत (१९५१) जहाज ‘इंडॉमिटेबल’च आहे.

हर्मन मेलव्हिल : मॅरिनर अँड मिस्टिक (१९२१) या चरित्रात वीव्हरने टाइपी, रेडबर्न या कथाग्रंथांना जवळजवळ आत्मचरित्राचा दर्जा दिला. पॅसिफिक महासागरातील मार्केझास बेटांवरील खोऱ्यात चार महिने राहिल्याचे टाइपीत म्हटले आहे; चार्ल्स अँडरसनने (१९३९) जहाजांच्या नोंदी धुंडाळल्या तेव्हा मुक्काम जेमतेम महिनाभराचा निघाला. मेलव्हिलच्या आयुष्यातील अखेरची तीसेक वर्षे तर चरित्रात एकाच प्रकरणात आटोपली आहेत. मात्र मेलव्हिलच्या कीर्तीच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ बहुतेक अभ्यासक याच ग्रंथापासून धरतात.

ब्लॅक व्हॅली (१९२६) ही जपानच्या पार्श्वभूमीवरील कादंबरी त्याची. मेलव्हिलची प्रवासदैनंदिनीही त्याने १९३५ मध्ये संपादित केली.